धारेवरची वाट



आपलें सोलापूर सपाटीवर वसलेलें आहे. घराच्या गच्चीवरून चहूंकडे नजर टाकली तरी डोंगर असा दृष्टीस पडत नाहीं. असें असूनही थंडीच्या दिवसांत येथील कितीतरी तरुण मंडळी रात्रीच्या गाडीनें पुण्यास जातात आणि तेथून सह्याद्रीची वाट धरतात. या मंडळींच्या मनांत केव्हां ना केव्हां एक इच्छा उत्पन्न होतेच. मळलेली वाट सोडावी आणि डोंगराची धार धरून थेट माथ्यामाथ्यानें जावें, ही ती इच्छा. तिच्यांतील आनंद आणि तिच्यांतील धोका यांविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

उदाहरणासाठीं राजगड आणि तोरणा ही जोडी घेऊं. राजगड ही सुमारें पंचवीस वर्षें शिवाजी महाराजांची राजधानी होती. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तेव्हां महाराजांनीं जे बारा राखले त्यांत हे दोन्ही गड होते. राजगडाच्या संजीवनी माचीवरील आळू दरवाजानें खालीं उतरलें कीं एक लांबलचक धार लागते. मध्यें एका खिंडींत डांबरी सडक ओलांडावी लागते. मग पुन्हा चढ, पुन्हा टेकाडें, आणि शेवटीं रडतोंडी बुरुजाजवळून तोरण्याच्या बुधला माचीवर प्रवेश. तोरण्याची उंची सुमारें १४०० मीटर आहे. चांगल्या चालणाऱ्यास हा मार्ग सहासात तासांचा. दोन्ही गडांवर पाण्याचीं टांकीं आहेत. मधल्या धारेवर मात्र पाण्याचा भरवसा धरतां येत नाहीं.

या धारेच्या उत्तर अंगास पडलेला पाऊस कानंदी आणि गुंजवणी यांच्या खोऱ्यांत उतरतो, दक्षिण अंगास पडलेला वेळवंडीच्या. दोन्हीकडचें पाणी नीरेस मिळतें, नीरा नरसिंगपुरास भीमेला मिळते, आणि तेंच पाणी पुढें पंढरपुरीं चंद्रभागा म्हणून वाहतें. नद्या उतरत उतरत अशा एक होतात. डोंगराच्या सोंडांची रीत नेमकी उलट आहे. चढतांना कोणतीही सोंड धरा, ती वर जाऊन मुख्य धारेस मिळते; चुकण्यास फारशी जागाच नसते. उतरतांना मात्र एका धारेच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. आरंभीं हातभर अंतरानें फुटलेल्या दोन सोंडा खालीं दोन निराळ्या खोऱ्यांत नेऊन सोडतात. चढतांना जी धार वाटाड्याचें काम करते, तीच उतरतांना मुकी होते.

त्यांत आपल्या सह्याद्रीची घडण आणखी निराळी. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्ह्याचे थरावर थर सांचले. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार व पदर झाले. म्हणून वरून पाहणाऱ्यास गवताचा उतार दिसतो, त्याच्या खालचा पदर दिसतो, आणि दोहोंमधला कडा तेवढा दिसत नाहीं. वाट पुष्कळदां माथा सोडून पदरांतून वळसा घेते, तें भित्रेपणानें नव्हे.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही चौघे या धारेनें निघालों होतों. शक्य तितकें माथ्यावरूनच जाण्याचा आमचा विचार होता. निघण्यापूर्वीं पायथ्याच्या गांवांतील एका वृद्ध गृहस्थांना तसें जातां येईल का, म्हणून विचारलें. ते म्हणाले, "माथ्यानं माकडं जात्यात, पाव्हणं. माणसं पदरानं जात्यात." आम्ही हंसलों. पुढें एका टेकाडापाशीं वाट डावीकडे झाडींत शिरली आणि आम्ही सरळ माथा धरला. प्रथम गुडघाभर वाळलेलें गवत, मग मुरमाचा घसारा, आणि नंतर बैलगाडीएवढ्या रुंदीचा उघडा खडक. दोन्ही बाजूंची खोरीं एकाच वेळीं पायांखालीं होतीं. तो आनंद शब्दांनीं सांगतां येण्यासारखा नाहीं. तेवढ्यासाठींच माणसें वाट सोडतात, हें मला मान्य आहे.

हा खडक एकाएकीं दीड पुरुष तुटला होता. खालीं गवताचा उतार दिसत होता. हातांनीं लोंबकळून खालीं उतरतां आलें असतें. पुन्हा वर येतां आलें नसतें. दोघांचें मत उतरावें असें पडलें, दोघांचें नको असें. पाव घटका वाद झाला. अखेर ठरलें तें इतकेंच, कीं जेथून परत चढतां येणार नाहीं तेथें उतरावयाचें नाहीं. आम्ही मागें फिरलों, वाटेस लागलों आणि टेकाडास वळसा घालून पलीकडे आल्यावर वळून पाहिलें. तो गवताचा उतार म्हणजे खाटेएवढा एक तुकडा होता, आणि त्याच्या खालीं सरळ कडा होता.

परत फिरण्यास आपल्याकडे उगीच हार समजतात. १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत ४ जून रोजीं कर्नल नॉर्टन यांनीं ईशान्य धारेचा माथा सोडून तिच्या खालच्या अंगानें आडवी चाल केली. प्राणवायूचीं नळकांडीं त्यांच्याजवळ नव्हतीं. २८,१२६ फुटांवर, शिखर सुमारें नऊशें फूट उरलें असतां, ते परतले. त्यानंतर चारच दिवसांनीं मॅलरी आणि आयर्विन धारेनें वर गेले, ते आलेच नाहींत; मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला. नॉर्टन पुढें तीस वर्षें जगले. ज्या घळीपर्यंत ते पोहोंचले होते तिला त्यांचें नांव मिळालें, आणि १९८० सालीं मेसनर याच घळीनें एकटा शिखरावर गेला. परत आलेल्या माणसाची माहिती पुढच्याच्या उपयोगी पडते.

तरुणांनीं धारेवर जाऊं नये, असें मी म्हणत नाहीं. अवश्य जावें. मात्र प्रत्येकीं दोनतीन लिटर पाणी, एक दोर आणि विजेरी जवळ असावी. कोणत्या मार्गानें जाणार आणि केव्हां परतणार, हें घरीं लिहून ठेवावें. सोंड फुटते तेथें थांबून मागें वळून पाहावें, म्हणजे परततांना ती जागा ओळखूं येते. वडील मंडळींनींही मुलांना "जाऊं नको" असें सांगण्यापेक्षां "कोठून परतणार?" असें विचारावें. दरवर्षीं कोणी ना कोणी कड्यावर अडकतो आणि त्यास सोडवण्यासाठीं गांवकरी व गिर्यारोहक आपला जीव धोक्यांत घालतात. हा प्रश्न घरींच विचारला गेला, तर त्यांतील कांहीं फेऱ्या तरी वांचतील.