पावसाळ्याआधी पन्हळीकडे पाहा

मृग जवळ आला की गिरगाव-लालबागच्या चाळींवर निळ्या ताडपत्र्या चढतात. पन्हळीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही.

हिशेब साधा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी होतं. मुंबईत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही नवल नव्हे. तेवढ्यात होतात १०,००० लिटर, अगदी टँकरभर! हे सगळं उतरायचं एकदोन बिडाच्या पाइपांतून, मागच्या घरगल्लीत.

पाइपाच्या तोंडाशी अडकतो पाला, कौलांचे तुकडे, कबुतरांची पिसं. आणि सांध्यात उगवतो पिंपळ. हा फार चिवट. वरून छाटला की दुप्पट जोमानं फुटतो. मुळासकट काढून सांधा बुजवावा लागतो. नाहीतर पाणी भिंतीत मुरतं आणि लाकडी तुळईचं टोक, जिथं ती भिंतीत बसते नेमकं तिथंच, कुजू लागतं. आत पोपडे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

उपकरप्राप्त इमारतींच्या मोठ्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. पण पन्हळ साफ करायला त्यांची वाट कशाला पाहायची? कौलांवर मात्र सराईत कारागीरच चढवा. साफसफाई झाली, की त्याला पन्हळीत बादलीभर पाणी ओतायला सांगा आणि एकानं खाली घरगल्लीत उभं राहावं. पाणी धो-धो न येता नुसतं ठिबकलं, तर कारागिराला इतक्यात खाली उतरू देऊ नका.