पेटीत आजाराचाही कागद हवा

(धडगाव तालुक्यातल्या गावसमित्यांच्या बैठकीत फेब्रुवारी 2022 मध्ये संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलणं पावरी, भिलोरी आणि मराठी असं मिसळून झालं. इथे मराठीत उतरवून घेतलं आहे.)



बैठक वनदाव्यांची आहे आणि मला आजारावर बोलायला उभं केलंय. काहींना वाटेल, कोरोना तर आता उतरला, आता काय त्याचं. पण मी जमिनीवरच बोलणार आहे. थोडं थांबा, कळेल.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक पत्र्याची पेटी असते. त्या पेटीत सगळ्यात खाली काय असतं? आज्याच्या नावाची दंडाची पावती. नाकेदार यायचा, नांगर धरायचा, बैल बांधून न्यायचा, दंड घ्यायचा आणि पावती फाडून द्यायचा. आज्याला वाचता येत नव्हतं. त्याने ती पावती कुडात खोचून ठेवली, पुढे पेटीत ठेवली. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि सरकार म्हणालं, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसता हे दाखवा. तेव्हा तीच पावती पुढे आली. ज्याने मारलं त्याच्याच हातचा कागद आपल्या कामाला आला. म्हणून आपण कागदाचे पक्के झालो. मोर्चाची पोच सांभाळतो, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल सांभाळतो.

आणि या दोन वर्षांत आपल्या पाड्यांवर माणसं गेली, त्यांचा एक चिटोरा तरी कोणाच्या पेटीत आहे का? हात वर करा बरं. बघा. तीन हात. एवढ्या मोठ्या बैठकीत तीन.

पहिल्या वर्षाचं आधी सांगते, कारण ते आपण बरं निभावलं. 2020 ची होळी 9 मार्चला होती. आपली सगळी माणसं गुजरातेतून होळीला घरी आली होती. काहीजण थांबले, काही होळी करून पुन्हा ऊसतोडीला गेले. 25 मार्चला सगळं बंद झालं. थांबले ते वाचले, गेले ते अडकले. रस्त्यावर पोलीस, म्हणून लोक डोंगरातून पायी आले, पोरं खांद्यावर घेऊन. कामाचे पैसे मुकादमाकडेच राहिले. ते काहींना आजपर्यंत मिळाले नाहीत.

त्या वर्षी आपल्याकडे आजार कमी आला, टंचाई जास्त आली. शहरातल्या लोकांना वाटतं टंचाई म्हणजे दाणे नाहीत. आपल्याकडे ज्वारी-मका होळीपर्यंत तरी कणगीत असतो. आधी संपतं तेल, मीठ, साबण. ते आणायचं मोहफुलावर आणि आमचुरावर, आणि विकायचं बाजारात. बाजारच बंद. मग व्यापारी गाडी घेऊन पाड्याखाली यायचा, मोहफूल मापाने घ्यायचा आणि बदल्यात मीठ-तेल द्यायचा. माप त्याचं, भाव त्याचा. कैऱ्या उतरवून, सोलून, कापून, उन्हात वाळवून बायांची कंबर मोडते, आणि तो आमचूर हातात घेऊन म्हणायचा, काळा पडलाय. काळा नव्हता पडला. त्याला माहीत होतं की आपल्याला दुसरीकडे जाता येत नाही.

रेशनचं सांगते. एप्रिल 2020 पासून माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झालं, नेहमीच्या धान्याशिवाय वेगळं. ज्यांच्या कार्डावर सगळ्यांची नावं होती त्यांची चूल त्याने चालली. पण सून आली तिचं नाव नाही, दोन नातवंडांचं नाव नाही, अशा घरात आठ तोंडं आणि कार्डावर चार. अंत्योदयवाल्याला महिन्याचे पस्तीस किलो मिळतात, तिथे माणसं मोजत नाहीत. पण या मोफतच्या पाच किलोला माणसं मोजली. आपण नावं चढवली नव्हती ही आपली चूक, आणि चढवायला गेलो तर चार-चार चकरा मारायला लावल्या ही त्यांची. आणि एक लक्षात ठेवा, ते मोफत धान्य डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 बंद होतं. म्हणजे दुसरी लाट चढली तेव्हा नेमकं बंद. खावटीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. चार हजारांची, दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचा किराणा. जाहीर झाली 2020 मध्ये, आणि किराण्याची पिशवी आली तोवर मधला पावसाळा आपण आपल्यावरच काढला.

तो कसा काढला? समितीने घरं मोजली. कोणाच्या कणगीत किती आहे हे विचारायला लाज वाटत होती, तरी विचारलं. ज्याच्याकडे होतं त्याने टोपलीभर दिलं, व्याज नाही, सवाई-दिढी नाही. बाहेरून आलेल्यांना शेतातल्या झोपडीत चौदा दिवस ठेवलं, भाकरी दगडावर ठेवून यायची. आपली घरं एकेका टेकडीवर आहेत, सरकार सांगतं ते अंतर आपल्याकडे बापजाद्यांपासून आहे. तेव्हा मला वाटलं होतं, आपण जिंकलो.

दुसऱ्या वर्षी लग्नांनी घात केला. 2021 ची होळी 28 मार्चला झाली, मग एप्रिलमध्ये लग्नं, आणि लग्नात सगळा डोंगर एका मांडवात. ताप, खोकला घरोघर फिरला. आणि आपण काय केलं? लपलो. आरोग्याची गाडी दिसली की जंगलात. आशाताई आली की दार बंद. मी कोणाला हसत नाही. भीती खोटी नव्हती. माणूस इथून नंदुरबारला न्यायचा, सोबत कोणाला जाऊ द्यायचे नाहीत, आणि मेला तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडेच जाळायचा. अंघोळ नाही, हळद नाही, गाणं नाही. आपल्याकडे माणूस असा जात नाही.

आता माझं सांगते. हे मी आजवर कोणत्या बैठकीत बोलले नाही.

माझे मोठे दीर, त्यांना मी दादा म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. एप्रिलच्या मधे त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी आशाताई बोटाला लावायचं यंत्र घेऊन आली. तिने आकडा बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ब्याण्णव आहे, चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की न्यायचं असतं, आजच न्या. मी संघटनेची कार्यकर्ती. मोर्चात पुढे असते. आणि मी तिला म्हटलं, राहू दे, दोन दिवस बघू, तिकडे नेलं तर परत येणार नाहीत. नंदुरबारला तेव्हा ऑक्सिजन होता. मोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी पळत होते आणि आपल्या जिल्ह्याने ऑक्सिजनचे प्लांट आधीच बसवून घेतले होते. कलेक्टर आपल्याच भिल्ल समाजातला डॉक्टर होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी राहू दे म्हटलं. मग बडव्याला बोलावलं, मग एका इंजेक्शनवाल्याला, त्याने तीन सलाईन लावून पैसे घेतले. सहाव्या दिवशी पहाटे दादा गेले. आम्ही अंघोळ घातली, हळद लावली, सगळं रीतीने केलं. कोणाला कळवलं नाही. टेस्ट नाही, नोंद नाही.

आता ऐका पुढे काय झालं. सलाईनचे पैसे, दहाव्याचे पैसे. माझ्या जावेने भावकीतल्या एकाकडून बारा हजार घेतले आणि अर्धा प्लॉट त्याला कसायला दिला. गहाण म्हणा. तो माणूस संघटनेचा सभासद आहे. आज इथे असेल. मी नाव घेणार नाही. पावसाळ्यात त्याने त्यात ज्वारी पेरली. तो म्हणतो, पैसे दिल्यावर सोडतो. तिकडे दादांच्या नावाचा दावा प्रांताकडे पडून आहे. लॉकडाऊनमध्ये ग्रामसभा बंद ठेवल्या, समित्यांच्या बैठका होईनात, आणि ज्याच्या नावाचा दावा तो माणूस कागदावर अजून जिवंत आहे. उद्या मोजणीला कोणी आलं तर अर्ध्या प्लॉटवर दुसऱ्याचा नांगर दिसेल. मग दावा कोणाचा?

जावेने विचारलं, ते पन्नास हजार मला मिळतील का? सुप्रीम कोर्टामुळे कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार मिळतात. माणूस घरी गेला असला तरी चालतं. पण आधी कोरोनाची टेस्ट झालेली पाहिजे आणि तिच्यापासून तीस दिवसांत मृत्यू झालेला पाहिजे, किंवा दवाखान्यात डॉक्टरांनी तसं ठरवलेलं पाहिजे. आमच्याकडे काहीच नाही. मी तिला सांगितलं, नाही मिळणार. ती काही बोलली नाही. माझ्यामुळे नाही मिळणार, हे तिला माहीत आहे.

पण तेवढ्यावर सगळं बुडत नाही, आणि म्हणून मी आज उभी आहे. कोरोनाचा कागद नसला तरी मृत्यूचा कागद काढता येतो. गावात मृत्यूची नोंद ग्रामसेवक करतो. एकवीस दिवसांत फुकट होते. तीस दिवसांपर्यंत थोडी लेट फी लागते. तीस दिवसांनंतर एक वर्षाच्या आत असेल तर प्रतिज्ञापत्र आणि अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. म्हणजे कोर्ट, वकील, तारीख. गेल्या एप्रिल-मेमध्ये गेलेल्या माणसांचं वर्ष येत्या एप्रिल-मेमध्ये भरतं. आज फेब्रुवारी आहे. हिशेब करा.

त्या एका दाखल्यावर काय काय अडलंय बघा. संजय गांधी निराधारचे महिन्याचे हजार रुपये, त्याला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या घरचा कमावता माणूस साठीच्या आत गेला तर कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी वीस हजार, त्यालाही दाखला. आणि दाव्यात वारस लावायचा तर ग्रामसभेपुढे तोच दाखला ठेवायचा.

मागून कोणी विचारतंय, बाईच्या नावावर जमीन होते का? अहो, कायद्यातच आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. दाव्याचा फॉर्म उघडा, पहिल्या रकान्यात दावेदाराचं नाव, त्याच्याच खाली जोडीदाराचं नाव. आपण तो रकाना घाईत भरला. कोणाचं माहेरचं नाव, कोणाचं हाकेचं नाव. माझ्या जावेचं फॉर्मवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. बाई एक, कागदावर तीन. हे आत्ताच दुरुस्त करा, नवरा जिवंत असताना.

आणि गहाणाचं. वनहक्काची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कायद्याचं कलम 4 आहे. म्हणजे बारा हजार देऊन कोणी त्या जमिनीचा मालक होत नाही. पण बारा हजार त्यानेही घाम गाळूनच आणले होते, तेही मी विसरत नाही. म्हणून माझी समितीला मागणी आहे, या पावसाळ्याच्या आत बसा. पैसे हप्त्याने फेडायचं ठरवा, जमीन मृगाच्या आधी सोडवा. आजारात असे आणखी प्लॉट गेलेत. मला पाच माहीत आहेत, तुम्हाला जास्त माहीत असतील. ज्याने घेतलाय त्याने उठून सांगितलं तर बरं. नाहीतर बायका सांगतील.

गेल्या जूनमध्ये ज्या घरांत आजार होता तिथे आपण लाहा करून पेरणी केली, आठवतं ना? कोणी मजुरी मागितली नाही, भाकरी आणि ताडी एवढ्यावर शेतं उभी केली. त्याच लोकांनी मग अडल्या बाईचा प्लॉट धरून ठेवायचा, हे मला समजत नाही.

लसीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर भांडण होतं. मी दोन्ही घेतल्या. पहिल्या खेपेला रात्रभर ताप आला, अंग ठणकलं, दुसऱ्या दिवशी कुट्टी कापली. लस घेतल्यावर पोरं होत नाहीत म्हणतात, पण आमच्या पाड्यावर लस घेतलेल्या बाईला गेल्या महिन्यात मुलगी झाली, जाऊन बघा. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांनी तर मागे राहू नये, त्यांना साधा तापही जड जातो. आणि लस घेतली की सर्टिफिकेट घ्या आणि तेही पेटीत ठेवा. आता हसताय, पण ठेवा. आशाताईकडचं यंत्र अजून आहे. ताप आणि दम लागला तर बोट पुढे करा. चौऱ्याण्णव हा आकडा पोरांना पाठ करायला लावा. न्यायची वेळ आली तर समितीचा एक माणूस गाडीत बसेल, हे आपण ठरवून घेऊ. आपल्यातला कोणीतरी दवाखान्याच्या दारात आहे एवढं कळलं तरी माणूस जायला तयार होतो. दादांना मी तेवढं सांगितलं असतं तर ते गेले असते.

आता काम. जेवणानंतर या झाडाखाली आम्ही तिघं बसतो. घरात 2020 पासून कोणी गेलं असेल, कोणत्याही आजाराने, बाळंतपणात, लहान पोरही, तर नाव सांगा. तारीख आठवत नसेल तर होळीनंतर कितव्या बाजाराला, कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, ते सांगा, आम्ही कॅलेंडरवर बसवतो. मयताचं आधार, रेशनकार्ड, असेल तर दाव्याची पोच आणा. शेजारचे दोन साक्षीदार लागतील, सही येत नसेल तर अंगठा. प्रतिज्ञापत्रांचा मजकूर लिहून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात सगळे मिळून ग्रामसेवकाकडे जाऊ, एकेकटं कोणी जायचं नाही, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पहिला अर्ज माझ्या जावेचा आहे. ती तिथे मागे बसलीय, पेटी घेऊन आलीय.