लगद्याच्या लक्षात राहिलेला हेलकावा



कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड पाण्यात कालवून तो दाट लगदा ट्रेमध्ये पसरला आणि तसाच वाळू दिला, की काही दिवसांत त्याला वेड्यावाकड्या भेगा पडतात. जपानच्या निहोन विद्यापीठातील आकिओ नाकाहारा आणि योसुके मात्सुओ यांनी यात एकच भर घातली. ओल्या लगद्याचा ट्रे त्यांनी थोडा वेळ एकाच दिशेने आडवा मागेपुढे हलवला, मग स्थिर ठेवला. पृष्ठभाग पुन्हा सपाट झाला, हलवल्याची खूण उरली नाही. वाळताना मात्र भेगा पडल्या त्या ओळीने, एकमेकींना समांतर आणि हेलकाव्याच्या दिशेला काटकोनात! हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले. मला त्याचे आजही अप्रूप वाटते.

याचे मूळ लगद्याच्या स्वभावात आहे. दाट लगद्यातले सूक्ष्म कण दाटीने एकमेकांना अडवून धरतात आणि त्यांचे जाळे बनते. त्यामुळे ठरावीक जोर लागेपर्यंत लगदा जागचा हलत नाही, टूथपेस्ट नळी दाबल्याशिवाय बाहेर येत नाही तशी. हेलकावा त्या जोराहून कमी असेल, तर लगदा ढिम्म राहतो आणि काहीच नोंदवत नाही. फार जास्त असेल, तर तो हिंदकळतो, ढवळला जातो आणि नोंद पुसली जाते. मधल्या पट्ट्यातच जाळे ताणले जाते, नव्याने जुळते, आणि त्या दिशेचा ताण आत शिल्लक राहतो. पुढे पाणी उडून लगदा आक्रसतो, तेव्हा या शिलकी ताणात भर पडते आणि तो आडवा फाटतो, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते.

मॅग्नेशियम कार्बोनेटचा लगदा आणखी वेगळा वागतो. त्याचे कण चपटे असतात. लगदा घट्ट असला, तर भेगा हेलकाव्याला आडव्याच पडतात; पण पाणी वाढवून तो वाहता केला, की भेगा प्रवाहाच्या दिशेने धावतात. म्हणजे एक आठवण हेलकाव्याची, दुसरी वाहण्याची.

ही दुसरी आठवण साध्या कॅल्शियम कार्बोनेटला राहत नाही, कारण त्याच्या कणांवरील विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. मग नाकाहारा आणि मात्सुओ यांनी त्या लगद्यात मीठ घातले. मिठामुळे हे ढकलणे कमी झाले, कण एकमेकांना बिलगले, आणि तोही लगदा वाहण्याची दिशा लक्षात ठेवू लागला.