शेवटचे काही सेकंद

(लातूर येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज सकाळी नांदेडहून एसटीने निघाले. शेजारच्या सीटवर एक कॉलेजचा मुलगा होता. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत तो रील्स बघत होता, आवाज पूर्ण गाडीला ऐकू जाईल एवढा. त्यात एक रील आमच्या स्टुडिओत झालेली निघाली, एका कापड दुकानाची. दोन दिवस शूटिंग, एक रात्र एडिटिंग. मी सरसावून बसले. त्याने ती तीन सेकंदांत वर ढकलली. म्हणजे तुमच्यासमोर उभं राहण्याआधी माझा अहंकार चाकूरच्या अलीकडेच उतरला होता.

मला विषय दिलाय ‘डिजिटल मीडियातल्या संधी’. संधींबद्दल बोलेनच. पण आधी आमचं रोजचं काम काय असतं ते सांगते, आणि मग माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती याआधी मी जाहीरपणे सांगितलेली नाही.

माझे अब्बा पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हेत, बोर्ड रंगवणारे. इतवाऱ्यात त्यांचं छोटं दुकान होतं. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, त्यामुळे आमच्या दादांची सगळी कागदपत्रं उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, आणि अब्बांचे बोर्ड मराठीत आले. किराणा दुकान, दवाखाना, शाळा, दर्गा, मंदिराची देणगीदारांची यादी, सगळं त्यांनी लिहिलं. त्यांचा एक नियम होता. खडूने अक्षरं आखून झाली की ते मालकाला बोलवायचे आणि म्हणायचे, “शेठ, मोठ्यानं वाचा.” मालकाने वाचल्याशिवाय ब्रश रंगात बुडायचा नाही. मी विचारायचे, “अब्बा, तुम्हाला मराठी येतं की, मग त्यांना कशाला वाचायला लावता?” ते म्हणायचे, “बेटा, बोर्ड एक बार टंग गया तो दस साल नहीं उतरता.”

मग फ्लेक्स आला. तीन दिवसांचं काम तासाभरात व्हायला लागलं आणि अब्बांचं दुकान बंद झालं. मी बारावीनंतर एका डीटीपी सेंटरवर बसले, तिथून फोटोशॉप, तिथून व्हिडिओ. आज आम्ही सहा जण आहोत. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, दोन कॅमेरे, एक इन्व्हर्टर. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात नांदेडमध्ये पंखा बंद करून काम करणं म्हणजे काय, ते तुम्हा लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

आमचं कॅलेंडर भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा वेगळं चालतं. एप्रिलमध्ये भीमजयंती. नीटचा निकाल लागला की तुमच्या लातूरचे क्लासेस. मग गणपती, मग मुक्तिसंग्राम दिन. होला मोहल्ल्याला हुजूर साहिबला पंजाबातून लोक येतात, तेव्हा हॉटेलवाल्यांना गुरुमुखीत बॅनर हवे असतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तसं आमचं कामही सरकतं. देगलूर, बिलोलीकडून तेलुगू पत्रिका येतात. एकाच दिवशी एकाच टेबलावर सत्यनारायणाची पूजा, वलीमा आणि बुद्धवंदनेची पत्रिका असते. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आम्हालाही नाही.

लातूरच्या एका क्लासचा बॅनर आला होता. साठ मुलांचे फोटो, साठ नावं. एका मुलीच्या नावात चूक झाली. बॅनर लागला, संध्याकाळी तिची अम्मी फोनवर. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “पोरगी दोन वर्षं रात्री दोनपर्यंत जागली, आता नाव दुसऱ्याच मुलीचं वाटतंय.” आम्ही स्वखर्चाने बॅनर बदलला. तेव्हापासून अब्बांचा नियम स्टुडिओत आला. नावं मोठ्याने वाचल्याशिवाय फाइल छपाईला जात नाही.

आता संधी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात किंवा आजीकडून उर्दू, आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी येतं. याला आपण शिक्षणातला गोंधळ समजतो. आमच्या धंद्यात हे भांडवल आहे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची अगम्य इंग्रजी अक्षरं होतात. सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर मराठी जोडाक्षरं फुटतात. उर्दूचं तर विचारू नका, अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी धावते. एका मोठ्या शहरातल्या एजन्सीने केलेली ईदची जाहिरात मी पाहिली. ‘मुबारक’ची अक्षरं डावीकडून उजवीकडे, एकेक सुटी. पैसे मोजलेले होते, पण छापण्याआधी वाचू शकणारं कुणी नव्हतं. तेव्हा युनिकोड शिका, मराठी टायपिंग शिका, इनपेज शिका. ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहायला शिका. “मुसलमान असून इतकं चांगलं मराठी?” हे वाक्य मी अजून ऐकते. वाईट वाटतं. पण त्यावर वाद घालण्यापेक्षा मी बिल पाठवते.

आता ती चूक.

काही वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या खानदानाच्या ग्रुपवर एक फोटो आला. एक म्हातारे बाबा, डोक्याला जखम, पांढऱ्या दाढीवर रक्त. खाली लिहिलेलं, जवळच्या एका गावात आज हे झालं. मी तो फोटो बघितला आणि मला माझे दादा दिसले. खरं सांगते, मी रडले. मग उठले, कॉम्प्युटर सुरू केला आणि वीस मिनिटांत कार्ड बनवलं. काळी पार्श्वभूमी, मोठ्या अक्षरात ओळ, कोपऱ्यात गावाचं नाव. मला काम येतं, त्यामुळे ते कार्ड चांगलं झालं. मोबाइलवर आलेला फोटो धुरकट होता, मी तो स्वच्छ केला. जखम नीट दिसेल असा कापला. पेजवर टाकला आणि झोपले.

सकाळी माझ्या शाळेतल्या सरांचा फोन. वयस्कर माणूस, कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. म्हणाले, “बाई, तो फोटो मी जुना पाहिलाय. आपल्या देशातला नाही. मागची पाटी बघ ना जरा.” मी मूळ फोटो उघडला. मागे दुकानाची पाटी होती, आपल्याकडे नसलेल्या लिपीत. माझ्या कार्डात ती नव्हती. जखम नीट दिसावी म्हणून मी फोटो कापला होता, तेव्हा पाटी कापली गेली होती.

पोस्ट काढली. चूक झाल्याचं लिहिलं. पण कार्ड माझं राहिलं नव्हतं. लातूरच्या मामूंना ते तीन ग्रुपवरून आलं, त्यांनी मलाच पाठवलं, “देख बेटी, क्या हो रहा है.” माझा खुलासा त्यांना एकाही ग्रुपवरून आला नाही. आणि आमच्याकडे काम शिकायला येणारा एक मुलगा, वय एकोणीस, त्याने ते कार्ड स्टेटसला ठेवलं होतं. त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. रात्री अकरापर्यंत तो बाकावर बसला होता, आणि त्याची अम्मी बाहेर. मी तिथे गेले, सांगितलं की कार्ड मी केलंय. समज देऊन सोडलं. पण त्याची अम्मी माझ्याशी बोलली नाही. त्या मुलाला तिने पुन्हा स्टुडिओत पाठवलं नाही. ती चुकली असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट शोधून वाचली. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारलं. पाचही गेले. त्या काळात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या, आणि त्यांच्यासोबत एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघे येतात, एक मूल उचलतात आणि जातात.

तो व्हिडिओ आपल्याकडचा नव्हताच. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ जाहिरातीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक धरतात, मूल पळवायला क्षणभर पुरतो, लक्ष ठेवा, अशा अर्थाचा. आपल्याकडे फिरलेल्या व्हिडिओत हा शेवट नव्हता. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले होते.

मी एडिटर आहे, त्यामुळे मला ते काम डोळ्यांसमोर दिसतं. टाइमलाइनवर रेघ ओढायची, उजवीकडचा तुकडा निवडायचा, डिलीट. दोन सेकंदांचं काम. मुलांना वाचवायला केलेली फिल्म माणसं मारायच्या अफवेला पुरावा झाली. राईनपाड्यात गेलेल्यांमध्ये मुसलमान कुणी नव्हतं. पण ती पाटी कापली तेव्हा मीही तेच काम केलं होतं. त्याने मुद्दाम केलं असेल, मी रडत केलं. फिरणाऱ्या कार्डाला हा फरक कळत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. चांगलं केलं. पण फॉरवर्ड करणारा शेवटी येतो. त्याच्या आधी कुणीतरी ते बनवतो, आणि बनवणारे आपल्यासारखे लोक असतात.

मागच्या एका निवडणुकीत एक गृहस्थ आले. मिरवणुकीचा व्हिडिओ आणला होता. म्हणाले, “ताई, चित्र हेच ठेवा, घोषणा फक्त दुसऱ्या लावा. आवाज आम्ही देतो.” घोषणा ऐकल्यावर कळलं की हे लोकांना भिडवायचं काम आहे. चाळीस हजार अ‍ॅडव्हान्स टेबलावर होता. त्या महिन्याचं भाडं थकलं होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, “आपा, आपण नाही केलं तर दुसरा करेल.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्याच्याही घरी चार माणसं खाणारी आहेत. माझ्याकडे फार मोठं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ते दुसऱ्याच्या हातून होऊ दे, या टेबलावरून नको. पैसे परत केले. तो व्हिडिओ पुढे कुणी केला का, मला माहीत नाही. भाडं आम्ही दोन हप्त्यांत दिलं. तो मुलगा महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता. आजही आमच्याकडेच आहे.

यात कायदाही आहे, तो माहीत असू द्या. समाजात तेढ पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. “मी फक्त डिझाइन केलं” असं म्हणून सुटू, या भरवशावर राहू नका. पण मला तुम्हाला कायद्याची भीती घालायची नाही. कुठे कॅमेरा लागलाय म्हणून नीट वागणारा माणूस कॅमेरा बंद झाल्यावर काय करेल?

आम्ही आता काय करतो ते सांगते. बातमीचा फोटो किंवा व्हिडिओ आला तर तीन प्रश्न: कुणी काढला, कुठे काढला, कधी काढला. उत्तर नसेल तर काम होत नाही. फोटो उलटा शोधतो, तो याआधी कुठे आलाय का. मूळ फाइल जपून ठेवतो, आणि कापण्याआधी ती अख्खी बघतो, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. चूक झाली तर दुरुस्ती त्याच पेजवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि सगळ्यात अवघड नियम: ज्या फोटोने रडू येतं किंवा रक्त उसळतं, तो त्या रात्री टाकायचा नाही. सकाळी बघायचा. आपल्याबद्दल खोटं पसरतं तेव्हा आपण पुरावा मागतो. आपल्या बाजूचं काही आलं की पुरावा मागायला लाज वाटते, कुणी म्हणेल याला दर्दच नाही. मला तर उलट वाटतं. अन्याय खरोखर होतात. म्हणूनच खोटा फोटो चालणार नाही. एक खोटा निघाला की पुढचे दहा खरे कुणी बघत नाही.

आता तर एका फोटोवरून माणूस बोलताना दाखवता येतो, आवाजाची नक्कल करता येते. ही साधनं आमच्याकडेही आहेत, पोटासाठी वापरतोही. त्यामुळे नियम जास्त लागतील, कमी नाही.

बसस्टँडवरून येताना गंजगोलाईला चक्कर मारली. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ती आखली. सोळा रस्ते येऊन मिळतात. सोनं, चपला, मिरची, गूळ, सगळ्यांचे बाजार त्यावर. मी विचार करत होते, यातला एक जरी रस्ता त्याने चुकीचा आखला असता, तर इतकी वर्षं लातूरकर रोज अडखळले असते. आपण आखतो त्यावरूनही लोक चालतात.

अब्बा आता थकलेत. डोळ्यांना कमी दिसतं. परवा मी एका शाळेचा व्हिडिओ त्यांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही. म्हणाले, “पहले पढ़ के सुना.”

मी वाचून दाखवलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती.

तुमच्यातल्या कुणाला हे काम शिकायचं असेल तर नांदेडला या. पंखा बंद असेल, चहा मिळेल.