सायकल आणि परीक्षेतील संभाषण
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्काराच्या या प्रसंगी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. तीस मान देऊन आम्ही विषय निवडला आहे तो सायकलीचा. आपली पुष्कळ मुलेमुली आज उच्च शिक्षणास किंवा परिचारिकेच्या नोकरीस परदेशी जाऊ इच्छितात. त्यांस बहुधा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ साली सुरू झालेल्या या परीक्षेचे शुल्क आज पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे. नारळी-पोफळीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरास ते जड जाते. लेखनवाचनाची तयारी घरी बसून होते. भय वाटते ते परीक्षकासमोर बसून बोलण्याचे.

ही मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते. प्रथम घर, गाव, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न येतात. नंतर एक विषय देऊन, विचारास एक मिनिट ठेवून, एक ते दोन मिनिटे बोलावयास सांगतात. शेवटी त्याच अनुषंगाने थोडी खोल चर्चा होते. आता समजा, परीक्षकाने विचारले, "तुम्हांस सायकल चालविता येते काय? तुमच्या गावात सायकली पुष्कळ आहेत काय?" प्रश्न सोपा, पण येथेच आपला विद्यार्थी अडखळतो. एक तर तो 'येस' म्हणून थांबतो, नाही तर कोठे तरी पाठ केलेले उद्यानातील सहलीचे आणि आरोग्यवर्धनाचे उत्तर घडाघडा म्हणू लागतो. पाठ केलेले उत्तर परीक्षकाच्या तत्काळ ध्यानी येते आणि पुढचा प्रश्न वेगळ्या दिशेने आला की मुलाची जीभ टाळ्याला चिकटते.

वस्तुतः सायकलीच्या ज्ञानास तेथे गुण नाहीत. गुण आहेत ते चार गोष्टींस: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. मग जे आपण रोज पाहतो तेच का सांगू नये? नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील किती तरी घरांत शाळेची वाट सायकलीनेच तुडविली गेली. दांड्याखालून पाय घालून शिकलेली सायकल, मागे बांधलेली नारळांची गोणी, पुळणीत रुतणारे चाक, खाऱ्या हवेने गंजणारी साखळी, हे सारे आपले धन आहे. ते सांगावयास मुले लाजतात, याचेच आम्हांस वाईट वाटते. घरची सायकल कष्टाची आहे म्हणून ती परीक्षेत हलकी ठरत नाही. उलट जे अनुभवले त्यास शब्द आपोआप सुचतात.

भाषेच्या काही खाचाखोचा मात्र जाणून घ्याव्यात. मराठीत सायकलही चालवितात आणि मोटारही चालवितात. इंग्रजीत सायकलीस 'राईड' आणि मोटारीस 'ड्राईव्ह' म्हणावे लागते. पूर्वी 'जात असे, येत असे' हे सांगताना 'यूज्ड टू' वापरावे. बालपणाच्या आठवणीस ते फार उपयोगी पडते. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून ते आपल्या तोंडून गळतात. उच्चार 'बायसिकल' असा, आघात पहिल्या अक्षरावर, 'बायसायकल' नव्हे. चाकास आपण 'व्हील' लिहितो, परंतु तेथे दात ओठास लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. 'व्हेईकल' म्हणताना मात्र वरचे दात खालच्या ओठास लागतात. इंग्रजांची ढब आणण्याचे कारण नाही. बोलणे स्पष्ट समजले म्हणजे पुरे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे. परीक्षकाने मध्येच थांबविले तर खचू नये. पुष्कळदा वेळ संपलेली असते.

शेवटच्या चर्चेत "सरकारने सायकलीस उत्तेजन द्यावे काय?" असे विचारतील. येथे एक मत, एक कारण आणि एक उदाहरण द्यावे. उदाहरण आपल्या दारातच आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. सुटीच्या दिवशी अलिबागच्या अरुंद रस्त्यांवर पाहुण्यांच्या मोटारींची रांग लागते आणि सायकलवाल्यास कडेला उतरावे लागते. त्याच बोटीतून मुंबईचे हौशी सायकलपटूही भारी सायकली घेऊन येतात. एकाच रस्त्यावर एकाची सायकल हौसेची, दुसऱ्याची गरजेची! दोघांसही रस्त्यात जागा हवी, एवढे सुसंगतपणे सांगता आले तरी उत्तम उत्तर झाले. मत कोणतेही असो. ते कसे मांडले यास गुण आहेत.

पालकांस एक विनंती. तयार उत्तरांच्या वह्यांवर पैसा घालवू नका. आपणांस इंग्रजी येत नसले तरी चिंता नाही. रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी घड्याळ घेऊन बसावे, प्रश्न मराठीत विचारावा आणि नातीने दोन मिनिटे न थांबता इंग्रजीत उत्तर द्यावे. ती कोठे अडली हे आजोबांस भाषा न कळताही कळेल. सायकल पाठ करून कोणास येत नाही; ती चालवूनच येते. बोलण्याचेही तसेच आहे.