मुक्याचे लंगडणे

आमच्या मोत्याचे मागचे पाऊल महिनाभर भुईला नीट टेकत नव्हते. तो कण्हत नाही, म्हणून मी स्वस्थ होतो. खरे म्हणजे खर्चाची धास्ती होती. पंजात काटा नव्हता. तेव्हा घरातलीच वेदनाशामक गोळी द्यावी, असे मनात आले. माणसाची ही औषधे कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हे पशुवैद्यांकडून पुढे कळले. ज्या मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे, तेथे राहून हे अज्ञान! गुडघ्यातील अस्थिबंध तुटला होता आणि विलंबामुळे सांधा झिजू लागला होता. अखेर संकोच सोडून मी माझी ऐपत सांगितली. त्यांनी आधी विश्रांती व वजन घटविणे, मग शस्त्रक्रिया, असा क्रम लावून दिला. खर्च विचारण्यात कमीपणा नाही; तो न विचारता मुक्या जिवाला लंगडत ठेवण्यात आहे.