कारखान्यातील घर आणि निवासी वस्ती

अमेरिकेत कारखान्यात तयार होऊन चाकांवरून जागेवर येणारे घर हे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडणारे घर होय. तरीही त्याने नगराबाहेरील राखीव तळावरच राहावे, असा अनेक नगरांचा दंडक होता. तळावर घर स्वतःचे, पण जमीन भाड्याची. भाडे वाढले तरी घर हलविणे सोपे नसते. चाके असतात ती नावापुरतीच!

१५ जून १९७६ पासून या घरांच्या बांधकामास देशभर एकच मानक लागू झाले. जमीनवापराचे नियमन मात्र स्थानिक संस्थांकडेच राहिले, आणि अडवणूक होती ती नेमकी तेथेच.

१९८१ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन टाउनशिपच्या प्रकरणात अशी सरसकट बंदी अवाजवी ठरविली. त्या जागी चालणाऱ्या इतर घरांच्या तोडीचे घर असावे, एवढी अट रास्त मानली. कॅलिफोर्नियाने कायद्यानेच पक्क्या पायावरील अशा घरांना एककुटुंबी निवासी भूखंड खुले केले. रूपाविषयीच्या अटी वळचण, छपराचे साहित्य व बाह्य भिंतींचे आच्छादन यांपुरत्याच ठेवल्या. घर कोठे घडले यापेक्षा ते कसे उभे आहे हे पाहणे, हीच येथे योग्य दृष्टी होय.